शंभर कोंबड्यांची बाटली

लग्न होऊन भाईंदर पूर्वच्या फ्लॅटमधून वरसाव्याला आले, तेव्हा कोंबडी मला फक्त ताटातली माहीत होती. बाकी सगळं सासूबाईंनी शिकवलं. गेल्या वर्षी मानमोडीची साथ आली. कोंबड्यांच्या माना वाकड्या व्हायच्या, मग त्या जागच्या जागी गोल फिरायच्या आणि पडायच्या. खुराडं रिकामं झालं. वाचली ती एक तांबडी, तिचीही मान तिरकीच राहिली. सासरे गेल्यापासून आई, म्हणजे सासूबाई, त्या कोंबड्यांसाठीच सकाळी उठायच्या. आता त्या दिवसदिवस अंथरुणातच पडून राहायला लागल्या. मी घाबरले हो, खरंच.

नवी पिल्लं आणली तेव्हा मी लशीचा विषय काढला. आई उसळल्या. "आपली गावठी हाय, तिला सुई न्हाय लागत. तांबडी वाचली ना? तिच्या अंगातच हाय ते."

"आणि गेल्या त्या? त्याही गावठीच होत्या ना?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मीही हट्टाला पेटले. लस आणली, आईंच्याच मासळीच्या थर्मोकोलच्या डब्यात, बर्फात घालून. सुई नव्हतीच, दर काही महिन्यांनी डोळ्यात फक्त एक थेंब टाकायचा. पण बाटली निघाली शंभर कोंबड्यांची! त्याहून लहान दुकानात नव्हतीच. एकदा पाण्यात कालवली की लगेच वापरायची, उरली तर फेकायची.

"फेकायची?" आई ताडकन उठून बसल्या. "एवढं औषध फेकायचं? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

पदर खोचला आणि निघाल्या की आळीत! लशीला नावं ठेवणारी हीच बाई दारोदार सांगत होती, "आणा गो कोंबड्या, औषध फुकट जातंय." संध्याकाळी अख्खी आळी काखेत कोंबड्या धरून आमच्या अंगणात. आई एकेकीची मान धरायच्या, मी थेंब सोडायचे. नुसता कलकलाट, पिसं आणि डब्याला बोंबलाचा वास!

शेवटी तांबडीला घेऊन आल्या. "हिला गरज न्हाय," म्हणाल्या. मग हळूच, "उरलाय का एखादा थेंब?"

यंदा मागच्या पाड्यावर मानमोडी आली. आमच्या आळीतल्या कोंबड्या धडधाकट आहेत. आई म्हणतात, ही गावठी रक्ताची करामत. म्हणू देत बापड्या. सकाळी चहा ठेवताना अंगणातून त्यांची "आ, आ, आ" अशी हाक ऐकू येते आणि मी मनातल्या मनात हात जोडते.

काल फ्रीज उघडला तर वरचा कप्पा बर्फाने गच्च भरलेला.

"थेंब आणायची वेळ झाली ना गो?" आई म्हणाल्या.