अक्काचं माहेरपण, गोल्ड कार्डावर

प्रशांतनं विचारलं, "आई, रायपूरला येतेस का? दोन दिवसांचं काम आहे, गाडीत एकटाच आहे मी," आणि मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवायच्या आधी हो म्हणून टाकलं. सून हसली. म्हणाली, "आई, निदान कधी निघायचं ते तरी विचारा." मी म्हटलं, ते रस्त्यात विचारीन.

प्रशांत म्हणजे माझा मुलगा. दवाखान्यातल्या मशिनी विकणाऱ्या कंपनीत आहे, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. कोणत्याही गावी गेला तरी एकाच कंपनीच्या हॉटेलात उतरतो, आणि असा उतरत राहिला म्हणून त्या हॉटेलवाल्यांनी त्याला गोल्ड मेंबर केलं. मला वाटलं खरंच सोनेरी कार्ड असेल, पाकिटात ठेवत असेल. तर ते फोनमध्येच असतं, नुसतं चित्र. हा ब्लॉग माझ्या नातीचा, मुक्ताचा. ती म्हणाली, आजी, यावेळी तू लिही, तुझी मजा जास्त झाली. मी चौथी शिकलेली बाई. पण बोलायला कोण अडवतं? मी बोलत गेली, ती टाइप करत गेली.

तर वर्ध्याहून निघून पहिला मुक्काम नागपूरला केला, कारण प्रशांतची तिथे संध्याकाळी मिटिंग होती. हॉटेलात पाय ठेवला तशी काउंटरवरची मुलगी उभी राहिली. "वेलकम बॅक सर. काकू, प्रवास बरा झाला ना?" मराठीत! मग म्हणाली, सर गोल्ड मेंबर आहेत म्हणून मोठी खोली दिली, फळं वर पाठवते, सकाळचा नाश्ता फ्री, आणि सोबत एक पाहुणा असतो त्याचाही फ्री. "आणि काकू, आरामात उठा, दुपारी चारपर्यंत खोली तुमचीच." मी प्रशांतकडे बघितलं. हा घरी सोफ्यावर टॉवेल टाकतो म्हणून बोलणी खातो, आणि इथे त्याला सर सर करून राहिले.

सकाळचा नाश्ता सांगायचा तर वेगळा लेख होईल. पोहे होते, वर तर्री होती, इडली, फळं, तीन तऱ्हेचे ज्यूस. एक माणूस उंच टोपी घालून अंडी करून देत होता. मी अंडं खात नाही, तरी थोडा वेळ उभी राहून बघितलं. तो म्हणाला, "माताजी, कैसा बनाऊं?" मी म्हटलं, "बेटा, मैं सिर्फ देख रही हूँ, अच्छा बनाते हो." बसून खाल्लं, ताट उचलायला गेली तर एका मुलानं हातातून घेतलं. आणि तिथेच, त्या रिकाम्या हातांनी उभी असताना, मला अक्काची आठवण आली.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. रायपुरात बूढ़ापारा म्हणून जुनी वस्ती आहे, तिथे राहते. आम्ही दोघीच, भाऊ नाही. बाबा रेल्वेत होते, क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा रिटायर झाले, क्वार्टर गेलं, पुढे आई-बाबाही गेले. आता त्या क्वार्टरपुढे दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत असतात. मी रायपूरला गेली की अक्का मला पाण्याचा पेला उचलू देत नाही, तेच माझं माहेर. पण तिचं माहेर कुठे? मी बोलावलं तर येत नाही. मुलगा अजय, सून अर्चना दोघं नोकरीवर, सकाळचे सगळ्यांचे डबे अक्का करते. भाऊजी गेले त्यानंतरही तिचा स्वयंपाक बंद झाला नाही, उलट वाढला.

म्हणून मी ठरवलं, अक्काला एक दिवस त्या रायपूरच्या हॉटेलात माहेरी आणायचं. कंपनी तीच, कार्ड तेच.

नागपूर ते रायपूर रस्ता चांगला आहे, सकाळी आठला निघा म्हणजे दुपारी पोहोचता. भंडारा, साकोली, मग जंगल लागतं, तिथे खिडकी उघडी ठेवा आणि बोलणं बंद. टोल बरेच आहेत, फास्टॅगमध्ये पैसे बघून ठेवा. देवरीला ढाब्यावर चहा घ्या, जेवण मात्र पुढे राजनांदगावला करा, ढाब्यावरच्या डाळीत तेल वर आणि डाळ खाली होती. चहा होईपर्यंत मी अक्काला फोन लावला.

"अक्का, बॅग भर. तुले माहेरी न्यायले येऊन राहिली मी."

"कोन्तं माहेर? त्या क्वार्टरात घुसशीन का आता?"

"हॉटेलात. रात्री राहाचं, सकाळी आयता नाश्ता, दुपारी चारपर्यंत लोळाचं. प्रशांतचं गोल्ड कार्ड आहे."

"आनि इथले डबे?"

"अर्चना करीन. तिले हात नाहीत का?"

तिकडे तिनं गॅस बंद केलेला ऐकू आला. मग हळूच म्हणाली, "हव. येतो."

पुढच्या तासाभरात तिनं गल्लीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं, हे मला मागाहून कळलं.

भिलाईच्या कारखान्याच्या चिमण्या दिसल्या की समजायचं आलं रायपूर, फक्त त्यानंतरची गर्दी धरायची. हॉटेल विमानतळाच्या रस्त्यावर आहे. काउंटरवर गोड चेहऱ्याची पोट्टी होती, पण तिथे लग्नाची वऱ्हाडं उतरलेली, त्यामुळे तिला मान वर करायला फुरसत नव्हती. प्रशांतनं फोनमधलं सोनेरी चित्र दाखवलं.

"सर, गोल्ड मेंबर के लिए हमारे यहाँ पानी की चार बोतल हैं।"

"पानी तो सबको देते हो न?"

"सबको दो, सर। आपको चार।"

मोठी खोली? नाही. फळं? "वो इस प्रॉपर्टी में नहीं है, सर." नाश्ता फक्त मेंबरचा, पाहुण्याचे पैसे वेगळे. खोली बारा वाजता सोडायची, पुढे सब्जेक्ट टू अवेलेबिलिटी. मी प्रशांतला विचारलं, म्हणजे काय रे? तो म्हणाला, "म्हणजे त्यांच्या मनात आलं तर."

"पण कल ही नागपुर में," त्यानं सुरुवात केली.

"सर, वो नागपुर है। हर प्रॉपर्टी का अपना रहता है।"

नाश्त्याचे पैसे देऊन टाकले असते हो. खरी पंचाईत पुढे होती. आमच्या खोलीत पलंग दोन, माणसंही दोनच चालतील, जादा गाद्या सगळ्या वऱ्हाडानं घेतलेल्या, दुसरी खोली नाही. नागपूरला मोठी खोली मिळाली होती म्हणून मी धरून चालली होती की इथेही मिळेल, सोफ्यावर मी झोपेन. आता अक्का तिकडे बॅग भरून बसली होती. तिला फोन करून काय सांगू, की तुझं माहेर फुल झालं?

प्रशांत आवाज चढवायला लागला होता. मी त्याची बाही ओढली. "तू जाय ना अक्काकडं झोपाले. अजय आहे, गप्पा मार. तिचा पलंग तुले, तुहा पलंग तिले."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग हसायला लागला. "बरं बाई, जातो." पोट्टीनं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बघितलं. म्हणाली, "सर, मेंबर खुद नहीं रुकेंगे तो मेंबर वाला कुछ नहीं लगेगा।"

मी विचारलं, "मतलब चार की दो बोतल?"

तिला पहिल्यांदा हसू आलं. "हाँ आंटी, शायद।"

"रख लो बेटा पानी. मेरी बहन को आने दो."

बूढ़ापाऱ्याच्या त्या गल्लीत गाडी जात नाही, स्कूटरी आडव्यातिडव्या लावलेल्या असतात. तलावाच्या बाजूला गाडी लावून चालत गेलो. अक्का दाराच्या पायरीवर बसली होती, इस्त्रीचं लुगडं, मांडीवर बॅग. शेजारच्या दोन बायका पोहोचवायला उभ्या. एक म्हणाली, "मायके जा रही हो काकी? कब आओगी?" अक्का ऐटीत म्हणाली, "देखूंगी." अर्चना आतून पीठ लागलेले हात पुसत आली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीच. "मौसी, मम्मी जी दोपहर से यहीं बैठी हैं, अंदर ही नहीं आ रहीं।" प्रशांत तिच्याकडे बघून म्हणाला, "भाभी, आज मम्मी जी की जगह मैं." ती म्हणाली, "तो भैया, सुबह के टिफिन आप बनाओगे?" आणि त्याला आत घेऊन गेली. आम्ही दोघी ऑटोनं निघालो.

काउंटरवर त्या पोट्टीनं अक्काला आयडी मागितला. अक्का माझ्याकडे वळली. "सुमे, माहेरी जाताना आधार कार्ड कोन नेते व?" मग तिच्याकडे वळून, "मैं इसकी बड़ी बहन हूँ, और क्या आईडी?" शेवटी अजयनं फोटो पाठवला फोनवर. तुम्ही कोणाला असं नेणार असाल तर कार्ड आधी बॅगेत टाका, मग लुगडी.

खोलीत आल्यावर अक्कानं आधी चप्पल दाराशी काढली. पांढऱ्या चादरीवर हात फिरवला, म्हणाली, इतकं पांढरं, बसू का नको? मी तिला धरून बसवलं. केसांना तेल लावून दिलं. चहाची किटली होती, चहा मी केला. ती कप विसळायला उठली, मी रागावली. चादर नीट करायला उठली, पुन्हा रागावली. "अक्का, तू काही करशीन तं तुले परत नेऊन देईन." मग ती पाय लांब करून बसली आणि एकदम म्हणाली, "आई असती तं काय म्हनली असती, सुमे?" मी म्हटलं, म्हणाली असती एवढ्याशा खोलीले एवढं भाडं! दोघी इतक्या हसलो की वरातीतला बँडसुद्धा ऐकू आला नाही.

सकाळी अंधारातच तिला जाग. फोन कुठे, अर्चनाला सांगायचं आहे भिजवलेले चणे कोणत्या डब्यात आहेत. मी फोन मांडीखाली घेऊन बसली. दिला नाही.

नाश्त्याला खाली गेलो ते पैसे द्यायच्या तयारीनं. मी पर्स हातातच धरली होती. दाराशी आता दुसरीच मुलगी. खोलीचा नंबर बघून म्हणाली, "गोल्ड मेंबर का रूम है न? दो ब्रेकफास्ट फ्री हैं, मैम।"

मी म्हणायला लागली, "पण काल ती तर…"

अक्कानं मला चिमटा काढला. "चूप बस, सुमे."

मी काही चूप बसणारी नाही. सांगितलं, बेटा, मेंबर रात्री इथे नव्हता. तिनं पुन्हा बघितलं, खांदे उडवले. "सिस्टम में दो दिखा रहा है, आंटी। बैठिए।" सिस्टम पुढे मी काय बोलणार? अक्कानं चिला घेतला, म्हणजे तिकडचं तांदळाचं धिरडं, तो कसा पातळ आहे ते तपासलं, आणि दुसरा मागवला. चहावाला आला की ती दरवेळी अर्धी उठायची, आणि मग आठवून बसायची.

तेवढ्यात प्रशांत कपडे बदलायला आला. म्हटलं, ये, बस, खा. तर मुलगी म्हणाली, सर, इस रूम के दोनों हो गए, आपका चार्ज लगेगा. कार्ड ज्याचं, तोच बाहेर! बरं होतं की तो जेवूनच आला होता. "अर्चना वहिनीनं फरा केला होता मावशी, काय मस्त." फरा म्हणजे तिकडचे तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके.

अक्काचा चमचा थांबला. "मीठ?"

"बरोबर होतं."

"डबे?"

"सगळे गेले. वेळेवर."

अक्कानं रिकामी प्लेट पुढे सरकवली. मग तिनं तिसरा चिला मागवला.

मी पंडरीच्या कापड बाजारात जाऊन आली, लुगड्यासाठी. ठोक बाजार आहे, पहिल्या दुकानात म्हणाला एक नहीं मिलेगी, बंडल लेना पड़ेगा. आतल्या बोळात सुटी मिळतात, भाव करा, पण फार नको. मोरपंखी घेतलं. खोलीवर येऊन मी येताना बाजारातूनच घेतलेला नारळ काढला, तांदूळ काढले आणि अक्काला म्हटलं, पदर पुढे कर. ती मागे सरकली. "सुमे, माह्यी ओटी नाही भरत आता. तुले मालूम आहे ना." भाऊजी गेल्यापासून तिची ओटी कोणी भरलेली नव्हती, मीसुद्धा नाही. मी म्हटलं, "माहेरी नवऱ्याच्या नावानं ओटी नसते भरत, अक्का. लेकीची भरतात." तिनं पदर आधी हातात गोळा केला. मग पुढे केला.

खोली बारा वाजता सोडायची म्हणून आम्ही बॅगा घेऊन खाली आलो, तर काउंटरवर आता एक मुलगा. "अरे मैम, गोल्ड हैं, दो बजे तक रुक जाते!" मी कपाळावर हात मारला.

आता तुमच्यासाठी सांगते. अशी कार्डं काढू नका असं मी म्हणणार नाही. फक्त एका गावात जे मिळालं ते दुसऱ्या गावात मिळेल असं धरू नका. त्या त्या हॉटेलात फोन करून विचारा, आणि नाही म्हणाले तर ड्यूटी बदलल्यावर पुन्हा विचारा. नियम फोनमध्ये एकच असतो, पण देणारा माणूस वेगळा असतो. प्रशांत अजून चिडलेला आहे, तक्रार लिहिणार म्हणतो. मी नाही लिहिणार. माझा हिशोब जमला.

घरी येऊन आठवडा झाला असेल, अक्काचा फोन आला. आवाज मोठा.

"सुमे, अर्चनानं मले बी त्या हॉटेलचं मेंबर करून देल्लं. फोनमदी. फुकटचं, सगळ्यात खालचं."

"त्याच्यावर काय भेटते?"

"काही नाही भेटत! पन नाव माह्यं आहे. दिवाळीनंतर तू ये. खोली मी घेतो. माहेरपन मोठीनं कराचं असते, लहानीनं नाही. यावेळी तू केलं, चालून गेलं."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि कपाटातून लुगडी काढायला लागली. सूनबाई दारात येऊन म्हणाली, "आई, आता कुठे?"

मी म्हटलं, माहेरी.