हात लावला की बाद

आमच्या नेब्रास्कातल्या एवढ्याशा कॉलेजात मका काढणीला आला की फुटबॉल, बर्फ पडलं की कुस्ती, बर्फ वितळलं की धावणं-फेकणं, हे सगळं आर्लन टॉफ्टी एकटा शिकवायचा. मैदानावर चुन्याच्या रेघा तोच ओढायचा, बस तोच हाकायचा. कपडे धुणं तेवढं माझ्याकडे, नाहीतर तेही केलं असतं मेल्याने. त्याच्या पोरांच्या घामट मोज्यांशी झगडण्यात माझा जन्म गेला, तेव्हा मी बोलणारच.

चषक मात्र एकही नाही. जिममधल्या काचेच्या कपाटाचा वरचा कप्पा त्याने त्यासाठी मोकळा ठेवलेला, आणि धूळ पुसायची मी! "अरे, फुलदाणी तरी ठेव," म्हटलं की म्हणायचा, "येईल गं, मार्लिस."

त्याच्या निवृत्तीच्या वर्षी चषक खरंच जवळ आला. विभागीय स्पर्धेत एकच शर्यत उरली होती आणि पहिल्या जागेवरचं कॉलेज आमच्यापेक्षा अर्ध्याच गुणाने पुढे. शर्यत अडथळ्यांची, मध्ये पाण्याचा खड्डा. उतरलेले सातच, त्या कॉलेजाचा एकही नाही. आठव्यालाही गुण मिळतो, म्हणजे आमचा कुणीतरी नुसता पोचला तरी चषक आमचा. पण आमचे धावणारे सगळे दमलेले. टॉफ्टीने गोळाफेक करणाऱ्या आडदांड ब्रॉकला उभं केलं. छोट्या कॉलेजात असंच चालतं.

"जिंकू नकोस. फक्त पोच."

"कोच, मी जेवणाच्या रांगेतसुद्धा धावत नाही!"

"पलीकडे ताटात मीटलोफ आहे असं समज."

बाकीचे कधीच पोचले. आमचं ध्यान धापा टाकत शेवटच्या फेरीत आलं, पाण्याच्या खड्ड्याशी पाय घसरला आणि पालथं पाण्यात पडलं. फुटबॉलमध्ये पोरगं पडलं की कोच धावतो. इथे कोचने हात लावला की पोरगं बाद. टॉफ्टीनेच दरवर्षी हे नव्या पोरांकडून घोकून घेतलेलं. आणि हाच बाबा बुटांसकट खड्ड्यात! काखेत हात घालून त्याने ब्रॉकला उभं केलं. पंचाने बादचं पिवळं निशाण उचललं.

"कोच," ब्रॉक पाणी थुंकत म्हणाला, "मी उठतच होतो."

परतताना बसमध्ये मी कपड्यांच्या बोचक्यासकट टॉफ्टीच्या मागेच बसले होते, मला राहवेना. "आर्लन, नियम विसरलास होय रे?"

"नियम नाही विसरलो." त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "पोराचं तोंड पाण्यात दिसलं गं. मग कुठला खेळ चालू आहे तेच आठवेना."

मला रडूच आलं. म्हटलं, "उतरल्यावर ते बूट दे इकडे. बसभर चिखल केलायस."

आठवड्याने विचारत आला, "मार्लिस, माझे बूट वाळले का?"

"वाळले. वरच्या कप्प्यात ठेवलेत," मी म्हटलं. "आणि हात लावलास तर बाद!"