फ्लॉपीबाब आणि आमचा पार

फ्लॉपीबाब जेवणाचा डबा उघडत तेव्हा आत कधीच जेवण नसे. आमच्या दमट हवेत संगणकाच्या फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून त्या डब्यात ओल शोषायला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी आणि तिच्यावर फ्लॉप्या. स्वतः हे गृहस्थ दारावर येणाऱ्या पदेराकडचा पाव चहात बुडवून खाणार! कुणी टोकलं तर म्हणायचे, "म्हज्या पोटाक बुरशी धरना गो बाय."

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. डिचोलीजवळच्या एका कॉलेजात दिल्लीच्या अनुदानातून संगणक आला, आणि त्याच अनुदानाच्या पगारावर, दरवर्षी मुदत वाढवून घेत राहायच्या बोलीवर, फ्लॉपीबाब आले. खाणी खोल गेल्या की आजूबाजूच्या विहिरी आटत. कुठली विहीर कधी तळ गाठेल ते आधी कळावं, असा प्रोग्रॅम त्यांनी रचायला घेतला. पण गावोगावच्या विहिरी मोजणार कोण? मग सर्वणच्या शाळेत भूगोल शिकवणारी मी, सुर्ल्याचा ट्रकवाला जयराम, लाटंबार्शाचे काजूवाले अशी जत्राच त्यांनी गोळा केली. नुसती मापं देऊन सुटका नसे. प्रत्येकाला संगणकापुढे बसवून शिकवत. "प्रोग्रॅम एकट्याकच कळलो, तर तो त्याच्याबरोबर मरतलो," हे त्यांचं पालुपद.

मराठी की कोंकणी यावरून तेव्हा घराघरांत भांडणं होती. आमच्या खोलीतही व्हायची, आणि चांगली खणखणीत! फ्लॉपीबाब शांतपणे चहा पुढे करत आणि म्हणत, "भांडा, पण आकडे घालता घालता भांडा."

संगणक एक आणि माणसं ढीगभर. त्यावर त्यांनी देवळातल्या भजनी सप्ताहाची रीत आणली. सप्ताहात भजन अखंड चालतं. गावातले वाडे आपापले पार, म्हणजे पाळीचे प्रहर, वाटून घेतात आणि पुढच्या पाराची माणसं येऊन बसेपर्यंत आधीच्यांनी उठायचं नाही. रविवारी आमच्या संगणकालाही हाच नियम. झांजा तेवढ्या नव्हत्या.

मुदतवाढीचं ठरवायला दिल्लीहून एक साहेब पाहणीला आले. मुदत वाढली नाही तर फ्लॉपीबाबांची नोकरी गेली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्चीत मी, शेजारी जयराम विहिरींची मापं वाचतोय. साहेबांना संगणकापुढे बसायचं होतं, आणि पुढच्या पाराची लाटंबार्शाची माणसं अजून पोचली नव्हती.

"आमचो पार अजून संपाक नाय, सायबा. वायच बसा," जयराम म्हणाला.

मीही हलले नाही. मास्तरीण आहे मी, शिस्त म्हणजे शिस्त! फ्लॉपीबाब साहेबांना स्टूल देऊन मोकळे झाले. साहेब हसले, बसले, मग आम्हालाच एकेक प्रश्न विचारू लागले. जयरामने तर त्यांना अख्खा प्रोग्रॅम उलगडून दाखवला. साहेब भलतेच खूश होऊन गेले. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

महिन्याभराने निर्णय कळला. लोक स्वतःच इतकं छान चालवतात, तेव्हा पगारी माणसाची गरज उरलेली नाही. यंत्र मात्र अपुरं पडतंय, म्हणून आणखी एक मंजूर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माणसाने काम चोख केलं म्हणून कुणी त्यालाच काढतं का?

नवं यंत्र आलं त्याच आठवड्यात फ्लॉपीबाबांना बंगळूरच्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. मी निरोप द्यायला गेले, तर हे जमिनीवर मांडी घालून त्या यंत्राच्या वायरी जोडतायत.

"तुम्हाला घालवून हे पाठवलंय त्यांनी, आणि तुम्हीच जोडताय? सडू दे खोक्यात!" मी ओरडले. ओरडता ओरडता मला रडूच फुटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "सुर्ल्याच्यो बायो पाण्याक खंय वतल्यो, तें दिल्लीक कळतलें काय गो?" म्हणाले. स्वतःची नोकरी गेली, तरी सुर्ल्याच्या बायका पाण्याला कुठे जातील हाच त्यांना घोर! "रडूंक मागीर रड. आदीं ती वायर धर."

मी डोळे पुसले आणि वायर धरली.