दोनशे सतरा नंबरचा झोपाळू मालक

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या मेहुण्यांना, गावभर ‘रंगपेटी’ म्हणतात. आम्हा नाटकवाल्यांची रंगपेटी तोंडं रंगवायला, त्यांची जमीन रंगवायला. कुठल्या जमिनीवर काय बांधता येतं आणि तो नियम कधी बदलणार, यावर ते एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून आहेत. जमिनीत पैसे गुंतवणाऱ्या मंडळींना दर शनिवारी त्यांचं पत्रक जातं.

दर सोमवारी नगररचना कार्यालयाचं दार उघडायच्या आधी मेहुणे पायरीवर हजर. काचेच्या फळ्यावर नोटीस लागली की भिंग काढून वाचायची, नंबर वहीत उतरवायचे, आणि घरी येऊन भिंतीवरच्या नकाशात रंग भरायचे. पिवळा म्हणजे राहती घरं, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे शेती. नकाशा पलंगाएवढा. मधोमध फुगायचा, म्हणून तिथे लाल टोपीची भलीमोठी टाचणी ठोकलेली.

पत्रकाची रीत ठरलेली: प्रत्येक भूखंडाचे सात गुण आणि एक दोष. गुण सहाच सापडले तर त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. दोष मात्र कधी गाळला नाही. “दोष लपवला की माणूस दलाल होतो,” असं म्हणायचे, आणि असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची. चाळीस वर्षं मी रंगमंचावर राजे केले, पण ती मान मला साधली नाही.

पत्रक पाठवलं की ते मला मोठ्याने वाचून दाखवत. त्या शनिवारी वाचता वाचताच हसायला लागले.

“ऐका दादा! भूखंड दोनशे सतरा, सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी राखीव ठेवण्याचा प्रस्ताव. हरकतीची मुदत बुधवारपर्यंत. आजवर एकही हरकत नाही. मालक कुंभकर्णाचा भाऊ दिसतो!”

मीही टाळी दिली. बहीण चष्मा पुसत होती, तिचा हात थांबला.

“किती नंबर म्हणालात?”

“दोनशे सतरा. नकाशात कुठे सापडला नाही. छपाईची चूक असेल.”

ती उठून आतल्या कपाटाकडे गेली. घर आमच्या वडिलांनी तिला दिलेलं, कागद तिच्या कपाटात. सगळ्या गावाचे नंबर तोंडपाठ असलेल्या मेहुण्यांनी ते कागद कधी पाहिलेच नव्हते. तिने कागद टेबलावर ठेवला, नकाशापाशी गेली आणि लाल टाचणी उपटली. खाली आमची गल्ली, कोरी करकरीत, आणि त्यात बारीक अक्षरांत २१७.

“अहो कुंभकर्णाचे भाऊ,” ती म्हणाली, “उठा.”

“पण आपला घर नंबर तर आठ आहे!”

“तो पोस्टमनसाठी.”

मेहुण्यांनी भिंग लावून नंबर पुन्हा वाचला. चार खोल्या, मागची विहीर, बहिणीचं सगळं आयुष्य, आणि त्या जागी स्वच्छतागृह. “सगळं गाव आपल्याकडे येईल,” मी धीर द्यायला म्हणालो, “आणि घाईघाईने येईल.” बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं की मी विंगेत गेलो.

हरकतीचा अर्ज बुधवारी गेला. सुनावणी पुढच्या आठवड्यात. मी तीन दिवस मेहुण्यांची तालीम घेतली. एकच वाक्य होतं: “बाईसाहेब, हे आमचं घर आहे.” मग थांबायचं. मग रुमाल. तालमीत इतकं छान झालं की मलाच रडू आलं.

प्रत्यक्षात अधिकारी बाई “बोला” म्हणाल्या, आणि मेहुण्यांची नजर त्यांच्या टेबलावरच्या नकाशावर पडली. संपलं.

“भूखंड दोनशे सतरा. गुण एक, बसथांबा तीन मिनिटांवर.”

मी मागच्या बाकावरून प्रॉम्प्टिंग केलं, “हे आमचं घर आहे!”

“गुण दोन, गटाराची मोठी वाहिनी अगदी दारातून.”

बाई खूश होऊन लिहू लागल्या.

“गुण तीन, विहिरीला बारमाही पाणी.”

“दादा, पडदा पाड,” बहीण माझ्या गुडघ्याला चिमटा काढत कुजबुजली.

पण पडद्याची दोरी माझ्या हातात कुठे होती? उतार उत्तम, उजेड भरपूर, जमीन कडक, शेजारी समजूतदार. सात गुण झाले. मी डोळे मिटून घेतले. मरणाचे प्रवेश मी खूप केले, पण असा लांबलेला एकही नाही.

“दोष एक,” मेहुणे त्याच सुरात म्हणाले. “समोरची गल्ली साडेचार मीटर. तुमच्या नियमात अशा जागेसमोर सहा मीटर रस्ता लागतो. सफाईची गाडी आत शिरणार नाही. शिरलीच तर निघणार नाही.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “गल्ली कुणी मोजली?”

“मी. दर वर्षी मोजतो. टेप लावायला वाकलो की ही म्हणते, लोक बघतात.”

“बघतातच,” बहीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाचा माणूस टेप घेऊन आला. साडेचार मीटरला बोटभर कमीच भरली. महिनाभराने फळ्यावर नोटीस लागली: दोनशे सतराच्या आरक्षणाचा प्रस्ताव रद्द, स्वच्छतागृह बसथांब्यामागच्या मोकळ्या जागेत. मेहुण्यांनी ती भिंग न लावता वाचली, आणि घरी येऊन आपलं घर पिवळं रंगवलं. रंग जरा रेघेबाहेर गेला, पण बहिणीने चालवून घेतलं.

त्याच संध्याकाळी दारात एक जाडजूड गृहस्थ उभे. पत्रकाचे जुने वाचक, सुनावणीलाही आलेले.

“सात गुण ऐकले मी! कितीला देता?”

“दोष ऐकला नाहीत का?” बहीण म्हणाली.

“एकच तर आहे. अरुंद गल्ली.”

“दोन आहेत. मालकीण घर विकत नाही.”

गृहस्थ गेले. मेहुण्यांनी खिशातून पेन्सिल काढली, वही उघडली, आणि दोष क्रमांक दोन नीट लिहून घेतला.