भिंतींचा परीक्षक

भिंतीवरच्या चित्राला नंबर कसा द्यावा हे अख्ख्या वऱ्हाडात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस माझा साळा आहे. कोणाला पटत नसेल तर नसो. मी चौथीपर्यंत शिकलेला, चित्रातलं मला काही कळत नाही, पण माणूस ओळखता येतो. अकोटच्या जिनिंगपासून राजापेठच्या दुकानांपर्यंत चाळीस वर्षं त्यानं पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि याचे ब्रश डब्यात सुकले. तेव्हापासून वर्षातला एकच दिवस त्याचा. बडनेरा रोडवर एका शाळेच्या लांबलचक भिंतीवर चित्रांची स्पर्धा होते, तिथं हा परीक्षक. छातीला बिल्ला, हातात नारळ, अंगावर शाल. त्या दिवशी तो सकाळपासून कोणाशी सरळ बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी बायको, म्हणजे याची थोरली बहीण, गेली. मी घराबाहेर निघणं सोडलं. तर स्पर्धेच्या दिवशी हा दारात येऊन उभा. "भाऊजी, गाडी काढा. माहे गुडघे गेले, मले किक माराले जमत नाई." गुडघे कसले गेले? आदल्याच आठवड्यात शिडीवर चढून माझ्या घराचा पत्रा ठोकून गेला होता. पण मी गाडी काढली.

बाकीचे दोन परीक्षक कागद घेऊन एकेका चित्रापुढे मान वाकडी करून उभे राहतात. हा गाडीवर माझ्या मागे बसून सगळ्या भिंतीसमोरून एका दमात जातो. "भिंत का दिवाणखान्यात टांगतेत, भाऊजी? लोक गाडीवरूनच पाह्यतेत. जे दिसलं थे चित्र." दुसरी फेरी पायी. खिशातून ओला रुमाल काढतो आणि रंग पुसून पाहतो. एका कॉलेजवाल्याचा अर्धा मोर रुमालात आला. तो रडकुंडीला आला, तर हा म्हणतो, "मी पुसला तं तुले राग आला. पावसाले काय म्हनशीन?" तिसऱ्या फेरीला भिंतीकडे पाठ करून समोर बसणाऱ्यांना विचारतो, कारण आपण एक दिवस पाहतो, ते वर्षभर पाहतात. एकदा एका डरकाळी फोडणाऱ्या वाघाचा पहिला नंबर यानं कापला. समोरचे केळीवाले चाचा म्हणाले होते, "अरे भाई, बच्चे रोते, धंदा खराब होता." यानं कागदावर शेरा मारला, 'वाघ चांगला, जागा चुकली.'

गेल्या वर्षी विषय होता पाण्याचा. जिकडेतिकडे नळ, नळाला थेंब, थेंबात पृथ्वी, खाली 'पाणी वाचवा'. मी आपला गाडी चालवतोय, आणि एकाएकी माझा ब्रेक लागला. पुढं पाण्याचे गुंड, कळश्या, रंगाचे रिकामे डबे, कॅन, सगळे लायनीत ठेवलेले. एका जागी नंबर धरायला नुसती चप्पल. टँकर येणार म्हणून मी गाडी बाजूला घेऊ लागलो, आणि ती निघाली भिंत. मागून हा म्हणाला, "झालं. नंबर लागला."

अकोल्याच्या एका पोरीनं काढलं होतं. समोरच्या भाजीवालीला यानं विचारलं, "काय व बाई, कसं वाटते?"

"वाटते काय? सकाळी एक बाई आली न् शेवटच्या गुंडामांगं आपली घागर ठेवून गेली. मी म्हनलं ठेव, लाईन लंबी हाय."

मंडपात गेलो तर दुसऱ्या दोघांनी त्या पोरीला शेवटून दुसरी केलेली. संदेशाच्या रकान्यात शून्य, कारण तिनं एकही अक्षर लिहिलं नव्हतं. साळा म्हणाला, "बाकी सगळ्याईनं ल्हेलं. माह्या भाऊजीनं एकासाठीबी गाडी नाई थांबवली. हिच्यासाठी थांबवली. हे शून्य खोडा, नाई तं मी सही नाई करत."

आयोजक गोड बोलणारा होता. "काका, करून टाका सही. नाहीतर पुढच्या वर्षी बोलावणं अवघड होईल."

मी साळ्याकडे पाहिलं. त्यानं बिल्ला काढून कागदावर ठेवला. "मंग नका बोलावू."

निकाल दोन सह्यांवर लागला, पोरीला काही मिळालं नाही. बाहेर ती भेटली तेव्हा यानं तिला एवढंच सांगितलं, "पोट्टे, गुंडाची खालची कड अजून गडद पाह्यजे होती." ती हसली.

यंदा बोलावणं आलं नाही. स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, "सही केली असती तं काय बिघडलं असतं? शाल तं भेटली असती."

"सात शाली हायेत घरात." मग म्हणाला, "तुमी रेल्वेत ड्युटीवर राहत होते, भाऊजी. ताई पहाटीच लायनीत उभी राहे. मी पाह्यलं हाय. त्या लायनीले शून्य कसं पडू देऊ?"

माझ्या घरी माठ कायम भरलेला असायचा. मी पेला बुडवायचो आणि प्यायचो. एवढ्या वर्षांच्या संसारात तो कसा भरतो हे तिला कधी विचारलं नाही.

"किती वेळ उभी राहे?" मी विचारलं.

तो सांगत बसला.