शिवकांताच्या कानातला आवाज

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. आईजवळ नाही, ज्या मित्रासोबत रोज चहा पितो त्याच्याजवळ नाही. आणि जिला सांगायला पाहिजे होतं — तिच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगतोय.

मी साऊंडवाला. नांदेडला एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानामागं माझा छोटा स्टुडिओ आहे. भिंतींना फोम, दाराला जुनी सतरंजी, आत गाणाऱ्यासाठी काचेआडची लहान खोली. लग्नसराईत आणि गणपतीत बाहेरची कामं असतात. टेम्पोत बॉक्स टाकायचे आणि अर्धापूर, अहमदपूर, बोलावतील तिथं जायचं. माईक लावायचे, केबली ओढायच्या, हॅलो हॅलो करून बघायचं. लोक स्टेजकडं बघतात. माझ्याकडं बघतात ते माईकनं शिट्टी मारली तरच.

शिवकांता माझी बायको. उदगीरची, किराणा दुकानदाराची मुलगी. घरच्या भजनात बसून बसून गाणं तिच्या गळ्यात उतरलेलं. लग्नानंतर ती माझ्याच कार्यक्रमांत गायला लागली. तिच्यासमोर मी एक छोटा स्पीकर ठेवायचो, तिचा आवाज तिला ऐकू यावा म्हणून. तिला काय लागतं ते मला पाठ होतं — स्वतःचा आवाज थोडा चढा, पेटी बेताची, ढोलकी कमी. तेवढं मिळालं की ती डोळे मिटायची आणि मग मला काही करावं लागायचं नाही. मला तिचं गाणं आवडायचं का? आवडायचं. ते खोटं नव्हतं.

लातूरला एका कार्यक्रमानंतर मी सामान आवरत होतो. एक माणूस आला आणि म्हणाला, "तुम्ही मॅडमचे साऊंडवाले का?" मी हो म्हणालो. नवरा आहे असं म्हणालो नाही. का नाही म्हणालो — कुणास ठाऊक. तो पुण्याचा संगीतकार होता, भक्तिगीतांच्या अल्बमसाठी नवा आवाज शोधत होता. शिवकांताचा आवाज एकदा रेकॉर्ड करून बघायचा होता. जमलं तर तिला काही महिने पुण्यात राहावं लागेल, असंही तो म्हणाला. मी म्हणालो, माझाच स्टुडिओ आहे, या.

तो आला. शिवकांता सकाळपासून कोमट पाणी पीत होती, कुणाशी फार बोलत नव्हती. मी माईक तिच्या उंचीला लावला. हेडफोन मीच तिच्या कानांवर ठेवला. केस अडकले होते, ते सोडवले.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल. स्टुडिओत गाणाऱ्याचा आवाज कंप्युटरमधून फिरून त्याच्याच कानात येतो. एक सेटिंग चुकीची राहिली तर तो जरासा उशिरा पोचतो. जरासाच. पण आपलाच शब्द आपल्या मागून यायला लागला की चांगला गाणाराही अडखळतो, रेंगाळतो, सूर सोडतो. बाहेर बसलेल्याला हे कळत नाही. त्याला फक्त अडखळणारं गाणं ऐकू येतं.

आदल्या दिवशी दुसरं काम होतं, त्याची सेटिंग तशीच राहिली होती. ती चूक होती. मी सांगतोय ते चुकीबद्दल नाही.

तिनं पहिली ओळ घेतली आणि मला कळलं. लगेच कळलं. माऊस हातातच होता. मी —

मी काही केलं नाही.

ती थांबली. काचेतून माझ्याकडं बघत म्हणाली, "आवाज मागून यायलाय का ओ?"

संगीतकारानंही माझ्याकडं बघितलं. मी बटण दाबून तिच्याशी बोललो. "न्हाई. इकडं सगळं बरोबर हाय. तू तालात म्हण."

कुणाला सांगितलं नाही ते हेच. एवढंच बोललो.

तिनं विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? पुन्हा गायली, आणखी बिघडलं. पुन्हा गायली. शेवटी शेवटी तर ती स्वतःचं बोट मांडीवर आपटून ताल धरत होती, जिला कधी ताल धरावा लागला नव्हता. संगीतकार चांगला माणूस होता. मॅडम स्टेजवर छान गातात, म्हणाला, काहींना स्टुडिओ जमत नाही. चहा घेऊन गेला. तो गेल्यावर मी सेटिंग बरोबर केली. दुसऱ्या दिवशी मुदखेडच्या बँडवाल्यांचं काम होतं.

ती जाईल अशी भीती वाटली होती का? मॅडमचा साऊंडवाला हे शब्द लागले होते का? दोन्ही खरं वाटतं, दोन्ही पुरत नाही. त्या वेळी मनात काहीच नव्हतं, हे जास्त खरं आहे. आताही फारसं काही होत नाही.

ती अजून हळदीच्या कार्यक्रमांत गाते. रेकॉर्डिंगचं कुणी विचारलं तर हसून सांगते, मला स्टुडिओ मानवत न्हाई. मी शेजारी उभा असतो.

गेल्या हिवाळ्यात मुदखेडची एक कॉलेजची मुलगी वडिलांसोबत गाणं रेकॉर्ड करायला आली. आदल्या कामाची सेटिंग तशीच राहिली होती आणि मुलगी पहिल्याच कडव्यात अडखळली. रडायच्या बेताला आली. शिवकांता पाणी घेऊन आत गेली, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माझं बी असंच झाल्तं. न्हाई जमत एखाद्याला. मनाला लावून घिऊ नको." मी सेटिंग बदलली आणि मुलीला म्हणालो, आता म्हण. ती सरळ गाऊन गेली. बाप-लेक खुशीत निघून गेले.

शिवकांता काचेजवळच उभी होती. "काय केलाव तुम्ही?"

"तिला तिचा आवाज उशिरा ऐकू यायलता. नीट केलो."

तिनं हेडफोनकडं बघितलं. "माझ्या वक्ताला तसं नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणालो. "तुझ्या वक्ताला सगळं बरोबर होतं."

"हं," म्हणाली आणि रिकामा ग्लास घेऊन धुवायला गेली.

पहिल्या वेळी खोटं बोललो तेव्हा शेजारी परका माणूस बसलेला होता. या वेळी आम्ही दोघंच होतो.