पेटीवरच्या पट्ट्या

धरमपेठेत फुटपाथवर एक माणूस प्रवासी बॅगांची चाकं बदलून देतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. विमानतळावर हँडलला लावलेली कागदी पट्टी तो अलगद सोडवतो, स्वतःच्या पत्र्याच्या पेटीवर चिकटवतो आणि विचारतो, "तिथं कोण भेटलं?" मी हॉटेलचं नाव सांगतो. तो स्वतः फक्त कामठीपर्यंत गेला आहे, तेही सासुरवाडीला.

परवा त्यानं एका पट्टीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला. "हे बेसाच्या मॅडमची. टोकियोत रस्ता चुकल्या, तर एका म्हातारीनं त्यांले घरी नेऊन जेवू घातलं. अजून फोन करते म्हणे." मग दुसऱ्या पट्टीवर. "हे हिंगण्याच्या साहेबांची. रोममधल्या न्हाव्यासोबत दोस्ती झाली. त्याच्या पोरीच्या लग्नाले जाऊन आले."

मी सोळा देश फिरलो आहे. हे मी सगळ्यांना सांगतो, त्यालाही सांगितलं होतं. माझ्या पाच पट्ट्या तिथं ओळीनं होत्या.

"आणि माझ्याबद्दल काय सांगता लोकांना?"

त्यानं आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सांगतो ना. दर खेपेले तुमचं डावंच चाक तुटते."